आईने शिवलेला अंगरखा कॉन्टेस्टला चालेल का?

अगं चालेल, पण इथल्या कन्व्हेन्शनच्या, म्हणजे सायन्स फिक्शन नाहीतर कॉमिकच्या चाहत्यांच्या संमेलनांच्या, कुठल्या कॉस्च्यूम कॉन्टेस्टला नेतेयस त्यावर आहे, आणि फॉर्मवर आईचं नाव टाकलंस तरच. नाव टाकलं नाहीस आणि जजच्या टेबलावर कळलं, आणि ते कळतंच, तर बाकीचं सगळं तू स्वतः रात्र रात्र जागून केलेलं असलं तरी एन्ट्री बाद. तू चार गोष्टी विचारल्यास, आईचा अंगरखा, थ्रीडी प्रिंटचं चिलखत, नॉव्हिसमध्ये (नवशिक्यांत) भरायचं की जर्नीमनमध्ये (त्याच्या वरच्या पातळीत), आणि तलवार नेता येते का. यातला पहिलाच खरा अवघड आहे, बाकीचे त्याच्या आजूबाजूलाच येतात.

माझं थोडं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. शिवायला मी गिरगावात आईकडे शिकले, ती नाटकवाल्यांचे ड्रेस शिवायची. इथे अमेरिकेत येऊन २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी कन्व्हेन्शनच्या स्टेजवर नाहीतर ग्रीनरूममध्ये सुईदोरा घेऊन गेली, आणि आता काही वर्षं वर्कमनशिप जज, म्हणजे शिवणाची-कामाची सफाई तपासणारी, म्हणून बसते. म्हणजे बक्षीस घेतलंय, बक्षीस हुकलंय आणि लोकांची हुकवलीही आहेत.

आपल्याला कॉन्टेस्ट म्हटलं की शाळेतली फॅन्सी ड्रेस आठवते ना, टिळकांची पगडी भाड्याने आणायची, आईने उपरणं टाचून द्यायचं, पोराने "स्वराज्य हा माझा..." म्हणायचं आणि मधेच विसरायचं. तिथे कोणी विचारत नाही की पगडी कोणी बांधली. इथे पहिला प्रश्नच तो असतो. पण 'कोणी केलं' याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीने मोजतात आणि नियमांचं पान वाचून तुझं डोकं गरगरलं ते त्यामुळेच, तू बहुतेक तीन वेगळ्या कन्व्हेन्शनची पानं एकदम वाचलीस.

एक जुनी परंपरा आहे सायन्स फिक्शनवाल्यांची. १९३९ ला न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे त्यांचं जागतिक संमेलन, झालं तेव्हा फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघंच चाहते भविष्यातल्या माणसांसारखे कपडे घालून फिरत होते, कपडे मर्टलने शिवलेले (नाव मात्र पुढे जास्त अॅकरमनचं झालं, असो). पुढच्या वर्षी शिकागोला तर मास्करेडच, म्हणजे वेश करून यायचा कार्यक्रमच, ठेवला. त्या परंपरेत, म्हणजे वर्ल्डकॉनला, कॉस्च्यूम-कॉनला जे १९८३ पासून होतंय, तिथे बक्षीस करणाऱ्याचं असतं. घालणारा दुसरा असू शकतो. आईने शिवलं, मुलीने घातलं, दोघींची नावं फॉर्मवर, काही हरकत नाही.

दुसरी जात अॅनिमे (जपानी कार्टून) कन्व्हेन्शनच्या क्राफ्ट्समनशिप कॉन्टेस्टची. तिथे बहुतेक ठिकाणी जिने केलं तिनेच घालायचं, आणि अमुक टक्के स्वतः केलेलं हवं असं लिहिलेलं असतं, कुठे ७५, कुठे ८०. आता हे टक्के कसे मोजायचे ते कोणीच सांगत नाही. क्षेत्रफळाने? तासांनी? मी जज म्हणून सांगते, आम्ही पट्टी घेऊन बसत नाही. लांबून बघताना डोळ्यात जे भरतं ते तुझं आहे का एवढंच बघतो. विग, बूट, काँटॅक्ट लेन्स, मोजे हे विकतचं असलं तरी सहसा कोणी धरत नाही, पण विकतचे बूट फोमने झाकून त्यावर काम केलंस तर ते तुझ्या खात्यात जमा. तुझा अंगरखा मात्र गुडघ्याच्या खाली येतो आणि चिलखताच्या आतून सगळीकडे दिसतो, तो काही वीस-पंचवीस टक्क्यांत बसणार नाही.

तिसरी जात म्हणजे मोठे स्टेज शो. सॅन डिएगो कॉमिकॉनचा मास्करेड १९७० च्या दशकापासून चालू आहे, तिथे विकत आणलेले, भाड्याचे ड्रेस चालत नाहीत, पण स्टेजवर काय करता यालाही वजन असतं. जपानात नागोयाला वर्ल्ड कॉस्प्ले समिट होते २००३ पासून, ती तर देशादेशांच्या टीमांची, दोघांची टीम, अडीच मिनिटांचं सादरीकरण, आणि पात्र जपानी मांगा (तिकडची कॉमिक), अॅनिमे, गेम वगैरेतलंच हवं. आपल्याकडे २०११ ला दिल्लीत कॉमिकॉन सुरू झालं आणि मग मुंबई-पुण्यापर्यंत पोचलं, तिथे तू दोनदा गेलीयस म्हणजे त्या धर्तीचं तुला माहितीच आहे: त्या दिवशी रजिस्टर करा, रॅम्पवर चाला, पोझ द्या, टाळ्या. इथे फक्त तसं समजून गेलीस तर पंचाईत होईल कारण अर्धा निकाल स्टेजच्या आधी लागलेला असतो.

तो लागतो प्रीजजिंगला. एक साधी खोली, एक टेबल, दोन-तीन जज, आणि तुझी पाचेक मिनिटं. टाळ्या नाहीत, लाईट नाही, ट्यूबच्या उजेडात आम्ही चश्मा खाली करून शिवण बघतो. विचारून हात लावतो. सगळ्यात आधी उलटी बाजू बघतो, कारण सुलटी बाजू सगळेच नीट करतात. अस्तर आहे का, नसेल तर आतल्या कडा इंटरलॉक केल्यात की धागे लोंबतायत, काठ सरळ चाललाय की मध्येच वर गेलाय, डिझाईनचं कापड असेल तर जोडावर डिझाईन जुळलंय का. फोमचं असेल तर जोडाची भेग बुजवलीय का, घासलंय का, रंगाखाली प्राइमर आहे का. आणि मग प्रश्न विचारतो. "ही बाही अशी का बसवली?" जिने बसवली ती थांबतच नाही, "अहो तीनदा उसवली मी, शेवटी बगलेत एक चौकोनी तुकडा घातला तेव्हा हात वर जायला लागला", असं पाच मिनिटं तेवढंच सांगते. जिने बसवली नाही ती म्हणते, "पॅटर्नमध्ये तशीच होती." एवढ्यावर कळतं. कोणाला चोर ठरवायची गरज पडत नाही.

म्हणून म्हणते आईचं नाव लपवू नकोस. तुझ्या अंगरख्याच्या फोटोत मी बगलेतली कळी बघितली, इतकी स्वच्छ बसलीय की कुठलाही जज तिथूनच सुरुवात करेल. तू काय सांगणार?

आता खरी गाठ. तू लिहिलंयस की आई ब्लाउज, ड्रेस शिवून देते, पैसे घेऊन. म्हणजे ती प्रोफेशनल झाली. आणि इथे पातळ्यांचा नियम आडवा येतो. वर्ल्डकॉनच्या धर्तीवरच्या मास्करेडमध्ये नॉव्हिस, जर्नीमन, मास्टर अशा पातळ्या असतात, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी तीस वर्षं शिवणाऱ्याशी भिडायला लागू नये म्हणून. वरच्या पातळीत हवं तर भर, खाली कधीच नाही. ज्याचं पोट शिवणकामावर चालतं तो सहसा सरळ मास्टरमध्ये. आणि टीम असेल तर टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाची पातळी धरतात. म्हणजे तू आईला जोडीदार म्हणून लिहिलंस की तू एकटी नॉव्हिस असलीस तरी एन्ट्री वर सरकणार, बहुतेक मास्टरला. पुण्यातल्या आईला हे सांगशील तेव्हा ती हसेल, ब्लाउजला काज-बटण करणारी बाई इथे मास्टर, पण खरंच आहे ते, इथे मास्टरमध्ये बसलेल्या कितीतरी जणांना अशी कळी बसवता येणार नाही.

तुझं स्वतःचं म्हणशील तर, पुण्यातलं छोटं बक्षीस बऱ्याच ठिकाणी पातळीसाठी धरत नाहीत, मोठ्या कॉन्टेस्टचंच धरतात, तेव्हा तू नॉव्हिस. पण काही कन्व्हेन्शन 'कुठलंही बक्षीस' असं लिहितात. तर मास्करेड डायरेक्टरला सरळ ईमेल टाक, दोन ओळींचा. ते लोक व्हॉलंटियर असतात, उत्तर देतात, आणि नंतर कोणी तक्रार केली तर तुझ्याकडे लेखी असतं.

मग करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. खूप जणांना माहीत नसतं की अशा मास्करेडमध्ये वर्कमनशिपसाठी अख्खा कॉस्च्यूम द्यावा लागत नाही, एखादाच भाग तपासायला देता येतो, आणि ते ऐच्छिक असतं, स्टेजचं जजिंग वेगळं. तर तू नॉव्हिसमध्ये भर, फॉर्मवर स्वच्छ लिही की अंगरखा आईने शिवलाय, आणि वर्कमनशिपला फक्त चिलखत आणि शिरस्त्राण दे. अर्थात डायरेक्टर म्हणू शकतो की मग आईही मेकरच, टाक वर, म्हणून तोच ईमेल आधी. आणि अॅनिमेवाल्या कॉन्टेस्टला, जिथे टक्के आहेत, तिथे हा ड्रेस नेऊच नकोस. तिथे जायचंच असेल तर अंगरखा पुन्हा शीव, स्वतः. आईला व्हिडिओ कॉलवर समोर बसव, ती सांगेल तसं कर, वेडावाकडा होऊदे. शिकवणं मदतीत धरत नाहीत.

थ्रीडी प्रिंटचं. चालतं, जवळपास सगळीकडे, पण फाईल कोणाची ते सांगायचं. विकत घेतलेली किंवा फुकट उतरवलेली फाईल असेल तर डिझाईनचे मार्क तुला नाहीत, मशीन रात्रभर चाललं त्याचेही नाहीत. मार्क पुढच्या कामाचे: थरांच्या रेघा घासून काढल्यास का, जोड बुजवलेस का, तुझ्या मापाला कापून बसवलंस का, पट्टे कुठे लावलेस म्हणजे खांदा वर केला की छाती वर येत नाही. मी एकदा असा प्रिंट बघितला की रंग अप्रतिम होता आणि आतून सपोर्टचे, म्हणजे छापताना आधाराला राहतात ते, काटे तसेच, मुलाच्या मानेवर ओरखडे आले होते. फाईल स्वतः बनवली असशील तर स्क्रीनशॉट घेऊन ये.

आणि कागदपत्रं, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. एका वर्षी मी हिस्टॉरिकल विभागात नऊवारी नेली. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातली पुण्यातली बाई असं फॉर्मवर लिहिलं, नऊ वार, काष्टा, खोपा, नथ, सगळं. चोळी मी हाताने शिवली होती, मशीन लावलं नव्हतं, त्याचा तोराच होता मला. जजबाईंनी आधी विचारलं, यात शिवण कुठेय? मी म्हटलं, नाहीये, हेच तर काम आहे. मग तिथेच खोलीत लुगडं सोडून परत नेसून दाखवलं (आत चोळी-परकर होता गं), निऱ्या, काष्टा मागे कसा नेला, गाठ कुठे, पदर कसा राहतो. त्यांना इतकं आवडलं की पाच मिनिटांची पंधरा झाली. मग त्यांनी माझी फाईल उघडली. त्यात मी पुरावा म्हणून रविवर्म्याची चित्रं लावली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, हा चित्रकार कधीचा? जन्म १८४८. आणि तुमचे पेशवे? गादीवर १७६१ ते १७७२. मी गप्प. शंभर वर्षांचं अंतर, आणि मी मराठी असून मला ते फाईल लावताना दिसलं नाही, इथल्या बाईने दाखवलं. बक्षीस नेसण्याला मिळालं, संशोधनाचं अर्थातच नाही.

तुझं पात्र गेममधलं आहे म्हणजे तुझा पुरावा सोपा: पुढून, मागून, बाजूने अशी चित्रं, जवळून घेतलेलं एखादं, आणि काम चालू असतानाचे फोटो. तीन-चार पानं बास. चाळीस पानांची फाईल आणलीस तर आम्ही पहिली दोन बघतो आणि उरलेल्याचं ओझं तूच वागवतेस. जिथे मूळ डिझाईन बदललंस तिथे का बदललंस ते एका ओळीत लिही, नाहीतर जज त्याला चूक समजतो.

आता तलवार आणि बाकीची 'हे नको ते नको'ची यादी. ती वाचताना हसू येतं पण त्यातली प्रत्येक ओळ कोणीतरी काहीतरी करून बसल्यामुळे आलीय. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे पीनट बटर. १९७२ ला लॉस एंजेलिसच्या वर्ल्डकॉनला स्कॉट शॉ हा व्यंगचित्रकार, तेव्हा तरुण होता, स्वतःच्याच कॉमिकमधलं एक पात्र बनून आला. पात्र म्हणजे काय सांगू, शी-शूच्या भाषेतलंच समज, आणि तो रंग-पोत यावा म्हणून त्याने अंगाला पीनट बटर थापलं. स्टेजचे गरम लाईट, ते वितळलं, वास सुटला, आजूबाजूच्या लोकांच्या महिनोन्महिने शिवलेल्या कपड्यांना लागलं. तेव्हापासून 'नो पीनट बटर' हा मास्करेडवाल्यांचा नियमच होऊन बसलाय. अर्थ असा की तुझ्या अंगावरचं काहीही दुसऱ्याच्या अंगाला किंवा स्टेजला लागता कामा नये. ग्लिटर, ओला रंग, पावडर, खोटं रक्त, सगळं त्यात आलं. चेहऱ्याला निळा रंग लावणार आहेस तर वरून सीलर मार आणि घरी पांढऱ्या रुमालाने घासून बघ. रंगावरून आठवलं, निळं-हिरवं कितीही हो, पण दुसऱ्या वंशाचं दिसायला कातडीचा रंग बदलणं आता बऱ्याच ठिकाणी स्पष्ट मनाई आहे, आपल्याकडे कोणी फारसं मनावर घेत नाही, इथे घेतात. कपडेच न घालणं म्हणजे कॉस्च्यूम नव्हे, हाही एक जुना नियम आहे, त्यामागे काय झालं असेल ते तूच ओळख.

खरी धातूची तलवार नाही म्हणजे नाही, बोथट असली तरी बहुतेक ठिकाणी नाहीच. फोमची, लाकडाची चालते का ते त्या त्या कन्व्हेन्शनवर. दारात हत्यार तपासणीचं टेबल असतं, ते बघून त्याला रंगीत पट्टी किंवा झिप टाय बांधतात, ती शेवटपर्यंत काढायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. २०१७ ला फिनिक्सच्या कॉमिकॉनमध्ये एक माणूस खऱ्या, भरलेल्या बंदुका घेऊन आत शिरला. पकडला, कोणाला काही झालं नाही, पण त्या वीकेंडला आयोजकांनी प्रॉप हत्यारं सरसकट बंद केली, आणि नंतर बाकीच्यांनीही नियम आवळले. तेव्हा तलवारीशिवायही तुझं पात्र ओळखू येईल अशी एक पोझ तयार ठेव.

स्टेजवर जजना किंवा प्रेक्षकांना दचकवायचं नाही. अंगावर धावून जाणं, स्टेजवरून खाली उडी, अचानक झगझगता लाईट, काहीही. जे करणार आहेस ते आधी टेक रिहर्सलला सांग. माईक तुला मिळणार नाही, आवाज रेकॉर्ड करून द्यायचा, एकट्याला साधारण एक मिनिट मिळतं आणि ते भरपूर असतं, खरं तर चाळीस सेकंदांनंतर लोकांचं लक्ष उडतं. तुझं शिरस्त्राण घातल्यावर खालचं दिसत नाही असं तूच लिहिलंयस, मग फॉर्मवर 'दृष्टी मर्यादित' असं आवर्जून लिही. काळे कपडे घातलेले मदतनीस असतात, निंजा म्हणतो आम्ही त्यांना, ते तुला हाताला धरून पायऱ्या चढवतात, उतरवतात. लाजायचं काही नाही त्यात. मी न सांगता चढलेय एकदा, आणि स्टेजची कड कुठे संपते ते मला पायाने कळलं.

पोटाचं, पाण्याचं, बाथरूमचं बघ. ग्रीनरूममध्ये दोन-तीन तास उभं राहावं लागतं आणि चिलखतात बसता येईलच असं नाही. बाथरूमला जाताना काय काय सोडावं लागतं आणि कोण मदत करणार ते घरी एकदा करून बघ, सगळे हसतात या सल्ल्याला आणि नंतर सगळेच थँक्यू म्हणतात. पिशवीत सेफ्टी पिना, सुईदोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, जास्तीच्या बॅटऱ्या, स्ट्रॉ. स्ट्रॉ विसरू नकोस, शिरस्त्राणातून बाटली तोंडाला लागत नाही.

आणि फॉर्मवर आईचं नाव लिहिशील ना तेव्हा खाली उच्चारासाठी रकाना असतो तो रिकामा सोडू नकोस. एमसी, म्हणजे स्टेजवर नावं पुकारणारा, तेच वाचतो. नाव अक्षर अक्षर तोडून लिही, शक्यतो रिहर्सलला त्याच्याकडून दोनदा म्हणवून घे. माझ्या आडनावात ळ आहे, अठरा वर्षांत एकदाही धड आला नाही.